राउटरवरून पिंग जातो, पीसीवरून जात नाही: परतीची वाट कुठे तुटली ते शोधणे

"सर, राउटरवरून पिंग होतंय, पीसीवरून होत नाहीये." ठाण्यात नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल घेतो, त्यामुळे परीक्षा जवळ आली की हा निरोप ठरलेला. कधी कळव्याहून, कधी घणसोलीहून, कधी थेट लॅबमधल्या शेवटच्या बाकावरून. त्यापाठोपाठचा निरोपही ठरलेला: "सगळं डिलीट करून परत केलं, तरी तसंच."

डिलीट करू नका. सगळं पुसून पुन्हा करताना तुम्ही तीच ओळ पुन्हा विसरता, कारण ती विसरायला लावणारा समज डोक्यात तसाच असतो. समज असा की पिंग म्हणजे इथून तिथे पॅकेट पोचणं. प्रत्यक्षात एको रिक्वेस्ट (समोरच्याला मारलेली हाक) जाते आणि एको रिप्लाय (तिचं उत्तर) परत येतो. ही दोन वेगळी पॅकेट्स आहेत, आणि वाटेतला प्रत्येक राउटर दोघांबद्दलचा निर्णय वेगवेगळा घेतो. ठाण्याहून वाशीचं सिंगल तिकीट काढलं म्हणून परतीचं आपोआप निघत नाही, तसंच हे. 'आत्ताच एक पॅकेट त्या बाजूने आलं होतं, उत्तर तिकडेच सोडू' असं राउटरला काही आठवत नाही. तो डेस्टिनेशनचा पत्ता बघतो, स्वतःचं टेबल (कोणतं नेटवर्क कोणत्या बाजूला, याची यादी) बघतो, आणि त्यात ओळ नसेल तर पॅकेट टाकून देतो.

म्हणून या दोषात चूक बहुतेक वेळा तुम्ही बसलात त्या राउटरवर नसते, समोरच्यावर असते. आणि विद्यार्थी तासभर स्वतःचाच राउटर तपासत बसतो.

उदाहरणाला दोन सिस्को राउटर घेऊ. होस्टनेम ठाणे आणि वाशी. (आर-वन, आर-टू अशी नावं ठेवली की दोन खिडक्या उघड्या असताना आपण कुठे टाइप करतोय हेच कळत नाही. होस्टनेम आधी द्या.) ठाण्याचा लॅनकडचा (म्हणजे त्या जागेच्या आतल्या नेटवर्ककडचा) इंटरफेस गिगाबिट ०/०, पत्ता १९२.१६८.१०.१, मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. वाशीचा लॅनकडचा पत्ता १९२.१६८.२०.१, मास्क तोच. दोघांना जोडणारी लिंक दोन्हीकडे गिगाबिट ०/१ वर: ठाण्याकडे १०.०.०.१, वाशीकडे १०.०.०.२, मास्क २५५.२५५.२५५.२५२. ठाण्याच्या लॅनवर पीसी-ए १९२.१६८.१०.५, वाशीच्या लॅनवर पीसी-बी १९२.१६८.२०.५. तुमच्याकडे ४३३१ मॉडेल असेल तर इंटरफेसच्या नावात एक शून्य जास्त येईल, बाकी सगळं तेच. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. कन्सोलवर टाइप करताना अर्थातच रोमन लिपी.

ठाण्यावर विद्यार्थ्याने हे केलेलं असतं:

आयपी रूट १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.२

म्हणजे, वाशीच्या लॅनला जायचं पॅकेट १०.०.०.२ कडे द्या. आणि ठाण्याच्या राउटरवरून पिंग १९२.१६८.२०.५ दिला की पाच उद्गारचिन्हं, म्हणजे पाच उत्तरं, येतात. म्हणजे सगळं बरोबर, असं वाटतं. पीसी-ए वरून तोच पत्ता पिंग केला की 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'.

आधी दोन गोष्टी झटकन उरकून टाका

शो आयपी इंटरफेस ब्रीफ ही कमांड दोन्ही राउटरवर चालवा आणि उजवीकडचे शेवटचे दोन रकाने बघा. स्टेटस आणि प्रोटोकॉल दोन्ही 'अप' हवेत. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन' दिसलं तर नो शटडाउन राहिलंय. राउटरचे इंटरफेस मुळात बंद असतात, स्विचचे पोर्ट चालू असतात, म्हणून स्विचवर हात बसलेले लोक इथे अडकतात. 'डाउन, डाउन' म्हणजे केबल, किंवा समोरचं टोक बंद. 'अप, डाउन' हे सिरियल लिंकवर जास्त दिसतं: एका बाजूला एचडीएलसी, दुसऱ्या बाजूला पीपीपी (लिंकवर बोलायच्या दोन वेगळ्या पद्धती), किंवा डीसीई टोकावर, म्हणजे लिंकला वेग देणाऱ्या टोकावर, क्लॉक रेट दिलेला नाही. डीसीई टोक कोणतं ते शो कंट्रोलर्स सिरियल ०/०/० सांगतं. केबल उपसून बघायची गरज नाही.

दुसरी गोष्ट पीसीचा गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कला जायचं पॅकेट पीसी ज्या राउटरकडे देतो त्याचा पत्ता. आयपीकॉन्फिग चालवा. पीसी-ए चा गेटवे १९२.१६८.१०.१, पीसी-बी चा १९२.१६८.२०.१. पॅकेट ट्रेसरमध्ये (सिस्कोच्या सरावाच्या सिम्युलेटरमध्ये) पत्ता आणि मास्क भरून गेटवेची चौकट रिकामी सोडणं फार सोपं आहे, कारण मास्क आपोआप भरला जातो आणि खिडकी भरल्यासारखी दिसते. पीसी-बी चा गेटवे रिकामा असेल तर तीही परतीचीच वाट तुटलेली आहे, फक्त ती राउटरच्याही आधी तुटली. वाशीच्या राउटरवरून पीसी-बी ला पिंग जाईल, कारण दोघं एकाच नेटवर्कात आहेत. बाहेरून आलेल्या कोणालाही उत्तर मिळणार नाही.

इथवर ठीक असेल तर खरा तपास सुरू.

पिंगचा निरोप कोणी दिला ते वाचा

'पिंग होत नाही' हे वाक्य मी ऐकून घेत नाही. स्क्रीनवर नेमकं काय आलं ते सांगा, कारण निरोप दोन प्रकारचे असतात आणि दोघांचे अर्थ पूर्ण वेगळे आहेत.

'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१०.१: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. हे बोलणारा कोण? १९२.१६८.१०.१, म्हणजे तुमचाच गेटवे, ठाण्याचा राउटर. तो म्हणतोय की या पत्त्याकडे जायची वाट माझ्याकडे नाही. जाण्याची वाट तुटली आहे आणि ती पहिल्याच पायरीला तुटली आहे. ठाण्यावर रूट टाका. हाच निरोप तुमच्या पीसीच्या स्वतःच्याच पत्त्यावरून आला तर पीसीला गेटवेच सापडलेला नाही. केबल, पत्ता किंवा व्हीलॅन (स्विचमधला नेटवर्कचा वेगळा कप्पा) बघा.

'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. इथे कोणी बोललेलंच नाही. पॅकेट निघालं आणि ठरलेल्या वेळेत काहीही परत आलं नाही. ते वाटेत हरवलं असेल, किंवा पोचलं असेल आणि उत्तर हरवलं असेल. पीसी-ए ला यातला फरक कळायला मार्ग नाही. आणि आपल्या दोषात नेमकं दुसरं घडतं: रिक्वेस्ट पीसी-बी पर्यंत व्यवस्थित पोचते, पीसी-बी उत्तर तयार करून वाशीच्या राउटरकडे देतो, वाशी टेबलात १९२.१६८.१०.० शोधतो, ते सापडत नाही, आणि उत्तर तिथेच टाकून देतो. नियमाप्रमाणे वाशी 'अनरीचेबल' असा निरोपही पाठवतो, पण कोणाला? ज्याचं पॅकेट टाकलं त्याला, म्हणजे पीसी-बी ला. पीसी-ए बिचारा वाट बघत राहतो.

आयसीएमपीचे (पिंग आणि हे निरोप ज्या प्रोटोकॉलने जातात त्याचे) हे नियम १९८१ सालच्या आरएफसी ७९२ या दस्तऐवजातले आहेत आणि पिंग हा प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिला. तेव्हापासून टाइम-आउटचा अर्थ हाच आहे, त्यात तुमच्या पॅकेट ट्रेसरचा दोष नाही. फाइल करप्ट झाली असेल, अशी शंका निदान माझ्याकडे घेऊन येऊ नका.

सिस्कोच्या राउटरवर उद्गारचिन्ह म्हणजे उत्तर आलं, टिंब म्हणजे दोन सेकंद थांबून काही आलं नाही, आणि यू म्हणजे कोणीतरी 'अनरीचेबल' म्हणालं. पहिलं टिंब आणि मग चार उद्गारचिन्हं, सक्सेस रेट ८० टक्के, असं आलं तर घाबरू नका. पुढच्या उपकरणाचा मॅक पत्ता (त्याचा हार्डवेअरचा पत्ता) एआरपीने शोधेपर्यंत पहिलं पॅकेट गेलं. पुन्हा पिंग करा, पाचही येतील.

मग राउटरवरून पिंग का जातो?

कारण राउटरचा पिंग निघतो तेव्हा त्यावर सोर्स पत्ता (पाठवणाऱ्याचा) कोणता टाकायचा हे राउटर स्वतः ठरवतो, आणि तो ज्या इंटरफेसमधून पॅकेट बाहेर पडणार त्याचाच पत्ता टाकतो. ठाण्यावरून पीसी-बी ला पिंग केला की सोर्स १०.०.०.१ जातो. वाशीसाठी १०.०.०.० हे नेटवर्क थेट जोडलेलं आहे, त्याच्या टेबलात 'सी' अक्षरासह ते आपोआप बसलेलं आहे. त्यामुळे उत्तर सरळ परत येतं. पीसी-ए च्या पॅकेटवर मात्र सोर्स १९२.१६८.१०.५ असतो आणि ते नेटवर्क वाशीला ठाऊक नाही.

म्हणजे तुम्ही दोन्ही वेळा एकाच ठिकाणी पिंग केला, पण दोन वेगवेगळ्या परतीच्या वाटा तपासल्या. त्यातली एक कधी तुटूच शकत नव्हती.

राउटरवरूनच पीसीसारखा पिंग करायचा असेल तर सोर्स आपण सांगायचा:

पिंग १९२.१६८.२०.५ सोर्स गिगाबिटइथरनेट ०/०

पॅकेट ट्रेसरने ही एका ओळीची कमांड घेतली नाही तर नुसतं पिंग लिहून एंटर दाबा. तो एकेक प्रश्न विचारेल: प्रोटोकॉल, टार्गेट पत्ता, रिपीट काउंट, डेटाग्रॅम साइझ, टाइमआउट. यांना एंटर मारत जा (टार्गेट सोडून), आणि 'एक्स्टेंडेड कमांड्स' विचारल्यावर वाय म्हणा. मग सोर्सच्या जागी १९२.१६८.१०.१ द्या. इथे पाच टिंबं आली तर पीसीकडे बघायचं कारणच उरलं नाही. दोष राउटिंगमध्ये आहे हे तुम्ही खुर्चीवरून न उठता सिद्ध केलंत. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला बसलेल्या माणसाला ग्राहकाचा पीसी हाताशी नसतोच, त्याला हीच कमांड वापरावी लागते. मुलाखतीलाही ती येऊ द्या.

दुसऱ्या टोकाला जाऊन बसा

मला यातली सगळ्यात आवडती तपासणी सगळ्यात साधी आहे. पीसी-बी वर जा आणि तिथून पीसी-ए ला पिंग करा.

लगेच येईल: 'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.२०.१: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. पीसी-ए वर जो दोष मुका होता तो इथे स्वतःचं नाव सांगतो. वाशीचा राउटर म्हणतोय, माझ्याकडे वाट नाही. एका पिंगमध्ये निकाल. तरीही हे करून बघणारे फार थोडे, कारण प्रश्नपत्रिकेत 'पीसी-ए वरून पीसी-बी ला पिंग करून दाखवा' असं लिहिलेलं असतं आणि आपण तेच एका बाजूने करत राहतो.

ट्रेसराउटच्या (वाटेतले राउटर एकेक करून दाखवणाऱ्या कमांडच्या) बाबतीत एक सापळा आहे, त्यात चांगली मुलंही सापडतात. पीसी-ए वरून ट्रेसर्ट १९२.१६८.२०.५ चालवलं की पहिल्या ओळीत १९२.१६८.१०.१ दिसतो आणि दुसऱ्या ओळीपासून नुसते तारे. यावरून निष्कर्ष काढला जातो: पॅकेट ठाण्यापुढे जातच नाही, म्हणजे ठाण्याचा रूट चुकला. मग ठाण्याचा बरोबर असलेला रूट काढून काहीतरी वेगळं टाकलं जातं आणि एकाचे दोन दोष होतात. खरं काय झालं? पॅकेट वाशीपर्यंत गेलं, तिथे त्याचा टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकाने कमी होणारा आकडा) संपला, वाशीने 'टाइम एक्सीडेड' हा निरोप पीसी-ए ला पाठवायचा प्रयत्न केला, पण १९२.१६८.१०.० ची वाट त्याच्याकडे नाही. निरोपच निघाला नाही, म्हणून तारे. ट्रेसराउटमध्ये दिसतात ते फक्त तुम्हाला उत्तर देऊ शकलेले राउटर. तारे सुरू होतात तिथे पॅकेट थांबलं असेलच असं नाही. म्हणून ट्रेसही दोन्ही टोकांहून घ्या.

आता दुरुस्ती

वाशीवर शो आयपी रूट बघा. 'सी' आणि 'एल' अशा ओळी असतील. 'एल' म्हणजे राउटरचा स्वतःचा पत्ता, तो /३२ (म्हणजे एकच पत्ता) म्हणून दिसतो, त्याला नवा रूट समजू नका. १९२.१६८.१०.० कुठेच नसेल आणि वर 'गेटवे ऑफ लास्ट रिझॉर्ट इज नॉट सेट' असं असेल. कॉन्फिग मोडमध्ये:

आयपी रूट १९२.१६८.१०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.१

झालं. पण ही एक ओळ टाकतानाही ठराविक घोळ होतात. नेक्स्ट हॉपच्या जागी (ओळीच्या शेवटी, जिथे पुढच्या राउटरचा पत्ता द्यायचा तिथे) स्वतःचाच पत्ता दिला तर राउटर 'इनव्हॅलिड नेक्स्ट हॉप ॲड्रेस (इट्स धिस राउटर)' असं तोंडावर सांगतो. नेटवर्कच्या जागी पीसीचा पत्ता, म्हणजे १९२.१६८.१०.५ आणि मास्क मात्र २५५.२५५.२५५.०, असं दिलं तर 'इनकन्सिस्टंट ॲड्रेस अँड मास्क'. या दोन चुका राउटर पकडतो म्हणून त्या निरुपद्रवी. खरा त्रास तो पकडत नाही त्यांचा.

समजा नेक्स्ट हॉप १०.०.०.१ ऐवजी १०.०.१.१ टाइप झाला. राउटर काही बोलणार नाही. शो रनिंग-कॉन्फिगमध्ये ओळ दिसेल, विद्यार्थी छातीठोकपणे म्हणेल "सर, रूट टाकलाय." पण शो आयपी रूटमध्ये तो नसेल, कारण त्या नेक्स्ट हॉपकडे जायचीच वाट नाही, आणि अशा रूटला टेबलात जागा मिळत नाही. इंटरफेस बंद पडला तरी हेच होतं. म्हणून रूट आहे की नाही हे रनिंग-कॉन्फिगमध्ये नाही, शो आयपी रूटमध्ये बघायचं. रनिंग-कॉन्फिग तुमची इच्छा दाखवतं, टेबल राउटर प्रत्यक्षात काय करणार ते दाखवतं.

आणि चुकीची ओळ टाकून मग बरोबर ओळ टाकली म्हणजे पहिली पुसली जात नाही. दोन्ही राहतात. चुकीच्या ओळीचा नेक्स्ट हॉप पोचण्याजोगा असेल तर काही पॅकेट्स इकडे, काही तिकडे, आणि 'कधी होतं, कधी नाही' असा सगळ्यात वैतागवाणा दोष तयार होतो. जुनी ओळ जशीच्या तशी, पुढे नो लावून, काढा.

काही जण दोन्ही राउटरवर एकमेकांकडे डीफॉल्ट रूट (टेबलात ओळ नसलेल्या सगळ्या पत्त्यांसाठीची वाट) टाकून मोकळे होतात. वाशीवर अशी, ठाण्यावर शेवटी १०.०.०.२:

आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० १०.०.०.१

पिंग जातो, गुणही मिळतात. मला ही सवय आवडत नाही. दोन्हीकडे डीफॉल्ट असेल आणि कोणी अस्तित्वात नसलेल्या नेटवर्कचा पत्ता पिंग केला, तर ठाणे ते पॅकेट वाशीला देतो, वाशी ठाण्याला, आणि टीटीएल संपेपर्यंत हाच खेळ. पीसीवर 'टीटीएल एक्सपायर्ड इन ट्रान्झिट' दिसलं की समजा, वाटेत कुठेतरी लूप आहे. डीफॉल्ट रूट एकाच दिशेला, बाहेर जायच्या बाजूला असावा.

तीन राउटर असतील तर

मध्ये ऐरोली आला, की गंमत वाढते. ठाणे आणि ऐरोलीमध्ये १०.०.०.० ची लिंक, ऐरोली आणि वाशीमध्ये १०.०.०.४ ची, दोन्ही /३० (म्हणजे मास्क २५५.२५५.२५५.२५२). टोकाच्या राउटरवर रूट टाकले जातात आणि मधला विसरला जातो, कारण त्याच्यावर कोणताही पीसी नाही. ऐरोलीला दोन्ही लॅन माहीत हवीत: १९२.१६८.१०.० ठाण्याकडे, १९२.१६८.२०.० वाशीकडे.

इथे एक उलटा प्रकारही भेटतो. पीसी-ए वरून पीसी-बी ला पिंग व्यवस्थित जातो, पण ठाण्याच्या राउटरवरून पीसी-बी ला जात नाही. आतापर्यंतचं वाचलं असेल तर कारण तुम्हीच सांगाल. राउटरच्या पिंगचा सोर्स १०.०.०.१, आणि वाशीला १०.०.०.० ही दूरची लिंक माहीत नाही. तुम्ही त्याला फक्त लॅनचा रूट दिलाय. लॅनमधली माणसं कामं करतायत, तेव्हा सेवा चालू आहे. लिंकचाही रूट टाकला तर तपासणी सोपी होते, एवढंच.

स्टॅटिक, म्हणजे हाताने टाकलेले रूट सोडून रिप किंवा ओएसपीएफ (राउटर एकमेकांना वाटा आपोआप सांगतात ते प्रोटोकॉल) वापरलात तरी दुखणं हेच, लक्षण हेच, फक्त विसरलेली ओळ वेगळी. शो आयपी ओएसपीएफ नेबरमध्ये 'फुल' दिसतं, सगळे खूश होतात, पण ठाण्यावर नेटवर्क १९२.१६८.१०.० ०.०.०.२५५ एरिया ० ही ओळ राहिलेली असते. लिंकवर शेजार जमला, लॅनची माहिती पुढे गेलीच नाही. कोणती नेटवर्क्स सांगितली जातायत ते शो आयपी प्रोटोकॉल्समध्ये बघा, आणि ती पोचली का ते समोरच्या राउटरच्या शो आयपी रूटमध्ये.

खऱ्या लॅपटॉपवर प्रॅक्टिकल असेल तर

पॅकेट ट्रेसरमधला पीसी आज्ञाधारक असतो. विंडोजचा लॅपटॉप तसा नाही. राउटिंग अगदी बरोबर असूनही लॅपटॉपला पिंग केलं की टाइम-आउट, आणि लॅपटॉपवरून मात्र दुसरीकडे पिंग जातो. हे विंडोज डिफेंडर फायरवॉलचं काम. बाहेरून आलेली एको रिक्वेस्ट तो अडवतो. सगळी फायरवॉल बंद करू नका, इनबाउंड रूल्समधला 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' मधला एको रिक्वेस्ट, आयसीएमपीव्ही४-इन हा नियम चालू करा. वेगळ्या नेटवर्कातून पिंग येणार असेल तर त्या नियमाच्या स्कोपमध्ये 'लोकल सबनेट' एवढंच आहे का तेही बघा.

दुसरं, वायफाय. लॅपटॉपला लॅबची केबल लावली आणि मोबाइलचा हॉटस्पॉटही चालूच राहिला, की त्याला दोन गेटवे होतात. लॅबच्या नेटवर्ककडे जायचं पॅकेट हॉटस्पॉटमधून बाहेर जाऊ शकतं आणि मग ते कुठेच पोचत नाही. ज्यांना हा प्रकार माहीत नाही ते राउटर बदलून बघतात. रूट प्रिंट चालवा, ०.०.०.० च्या दोन ओळी दिसल्या तर वायफाय बंद करून पुन्हा पिंग करा.

घरी सरावासाठी जुना राउटर विकत घेणाऱ्यांनाही हाच दोष गाठतो, फक्त वेषांतर करून. लॅबचा राउटर घरच्या वायफाय राउटरला जोडला, गिगाबिट ०/१ वर आयपी ॲड्रेस डीएचसीपी (पत्ता आपोआप मागून घ्यायची कमांड) दिलं. राउटरला पत्ता मिळाला, डीफॉल्ट रूटही मिळाला (टेबलात तो २५४ या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्ससह, म्हणजे पसंतीच्या आकड्यासह, दिसतो). राउटरवरून ८.८.८.८ ला पिंग जातो. त्याच्या मागच्या पीसीवरून इंटरनेट नाही. घरच्या वायफाय राउटरला १९२.१६८.१०.० हे नेटवर्क तुमच्या लॅब राउटरच्या मागे आहे हे कोणी सांगितलेलंच नाही. त्याच्या सेटिंगमध्ये स्टॅटिक रूटची सोय असेल तर तिथे ओळ टाकता येते, पण काही वायफाय राउटर अनोळखी नेटवर्कला बाहेर सोडतच नाहीत. तसं असेल किंवा ही सोयच नसेल, तर लॅब राउटरवर नॅट (पॅकेटवरचा सोर्स पत्ता बदलणं) करा:

ॲक्सेस-लिस्ट १ परमिट १९२.१६८.१०.० ०.०.०.२५५
आयपी नॅट इनसाइड सोर्स लिस्ट १ इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/१ ओव्हरलोड

मग गिगाबिट ०/० वर आयपी नॅट इनसाइड, ०/१ वर आयपी नॅट आउटसाइड. आता बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर लॅब राउटरचा बाहेरचा पत्ता असतो, आणि त्या पत्त्याची वाट घरच्या राउटरला माहीत आहे. शो आयपी नॅट ट्रान्सलेशन्समध्ये ओळी दिसल्या की काम झालं. लॅबसाठी निवडलेलं नेटवर्क घरच्या वायफायच्या नेटवर्कहून वेगळं ठेवा, दोन्हीकडे १९२.१६८.१.० असेल तर राउटर एक तर पत्ता घेणार नाही, नाहीतर 'ओव्हरलॅप्स' म्हणून तक्रार करेल.

उत्तर डोळ्यांनी पडताना बघायचं असेल तर

वाशीवर डीबग आयपी आयसीएमपी चालू करा आणि पीसी-ए वरून पिंग करा. वाशी लिहील: 'डीएसटी (१९२.१६८.१०.५) होस्ट अनरीचेबल सेंट टू १९२.१६८.२०.५'. उत्तर कुठे पडलं आणि त्याचा निरोप कोणाला गेला, दोन्ही एका ओळीत. टेलनेट किंवा एसएसएचने आत गेला असाल तर टर्मिनल मॉनिटर दिल्याशिवाय हे दिसणार नाही. बघून झालं की अनडीबग ऑल. नोकरीच्या ठिकाणी, चालू नेटवर्कवर, वरिष्ठांना विचारल्याशिवाय डीबगला हात लावू नका. डीबग ऑल तर कधीच नको. कामाचा राउटर त्याने गुदमरतो.

टाइप करताना कमांड चुकली आणि राउटर 'ट्रान्सलेटिंग' म्हणत अडकून बसला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि ६ एकदम दाबा. ते पुन्हा नको असेल तर कॉन्फिगमध्ये नो आयपी डोमेन-लुकअप.

दुरुस्त केलेला दोष दुसऱ्या दिवशी परत आला तर

लाइट जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला, आणि काल टाकलेला रूट गायब. कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग राहिलंय, दुसरं काही नाही. पॅकेट ट्रेसरमध्येही राउटरचं पॉवर बटण बंद-चालू केलं, मॉड्यूल घालायला म्हणून, की सेव्ह न केलेलं सगळं जातं. आणि प्रत्येक राउटरवर वेगवेगळं सेव्ह करायचं असतं. ठाण्यावर केलं म्हणून वाशीचं होत नाही.

सेव्ह करूनही राउटर कोरा उठत असेल, दर वेळी 'इनिशियल कॉन्फिगरेशन डायलॉग' विचारत असेल, तर शो व्हर्जन चालवून शेवटची ओळ बघा. तिथे कॉन्फिगरेशन रजिस्टर ०एक्स२१४२ असेल तर आधीच्या कोणीतरी पासवर्ड काढताना तो बदलला आणि परत फिरवला नाही. या किमतीला राउटर सुरू होताना स्टार्टअप-कॉन्फिग वाचतच नाही. तुमचं सेव्ह केलेलं आत आहे, त्यामुळे पुन्हा टाइप करू नका, आणि या कोऱ्या अवस्थेत सेव्हही करू नका, नाहीतर ते पुसलं जाईल. एनेबल करून कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग द्या, बंद राहिलेल्या इंटरफेसवर नो शटडाउन करा, मग कॉन्फिग मोडमध्ये कॉन्फिग-रजिस्टर ०एक्स२१०२, बाहेर येऊन सेव्ह, आणि रीलोड.